मनगटाला चामडं

…नाही, चिलखताचं एक वेळ मी सोडून देईन हो! छाती-पोटाचे स्नायू उठवलेलं ते चामड्याचं चिलखत, रोमच्या साध्या शिपायानं जन्मात न घातलेलं, तेही मी गिळलं. घोड्यांना रिकिबी लावल्या, ज्या इकडे यायला अजून पाचशे वर्षं होती, त्याही गिळल्या. सिनेमात नायकाचा चेहरा दिसावा म्हणून ऐन लढाईत त्यानं शिरस्त्राण काढून फेकलं… लढाईत! बाण येताहेत, दगड येताहेत, आणि हा केस मोकळे सोडून उभा! ठीक आहे, त्याचं डोकं, त्याचा प्रश्न. पण मनगटाला चामडं? तीनशे माणसं, सहाशे मनगटं, आणि प्रत्येकाला तो रुंद तपकिरी पट्टा, वर दोऱ्या आवळलेल्या! कशासाठी? मनगट निसटून पडणार आहे का कुणाचं?

तुम्हाला सांगते, रोमन शिपाई मनगटाला काही बांधत नसे. तिरंदाज सोडा, त्यांचं वेगळं. रोममधल्या त्या उंच विजयस्तंभावर, सम्राटाच्या लढाया कोरलेल्या, अडीच हजारांवर माणसं कोरलेली आहेत, आणि मी दुर्बीण घेऊन, मान मोडेपर्यंत, एकेकाचं मनगट पाहिलेलं आहे. चार उन्हाळे! लोक स्तंभाचे फोटो काढायचे, जाता जाता माझेही काढायचे. उघडी! सगळी मनगटं उघडी!

आता तुम्ही म्हणाल, ही कोण मोठी सांगणारी? मी नीवेस, रोमच्या वरच्या डोंगरातल्या रोक्काफोस्काची. आठ वर्षं इंग्लंडच्या उत्तरेला, जिथं ऊन हा सण असतो, तिथं रोमन सैन्याचा पोशाख याच एका विषयात मी शिकले. तिथं नोकरी देत होते, घेतली नाही. परत आले. का? तर आपल्या मातीत, आपल्या माणसांना घेऊन हे हॉलिवूडवाले सिनेमा काढतात आणि आपल्याच पूर्वजांना वाट्टेल ते नेसवतात, आणि आपण शेंगदाणे खात बघत बसतो, हे कुणीतरी थांबवायला नको? आणि योग बघा, मी परत आले त्याच वसंतात अमेरिकन कंपनी आमच्या डोंगरावर उतरली, आणि त्यांना इतिहासाचा सल्लागार हवा होता. मी म्हटलं, देव आहे.

पहिल्याच दिवशी तंबूत गेले, तर आमचा खाटीक सेत्तीमियो शतकप्रमुख, म्हणजे शंभर शिपायांचा नायक, होऊन आरशासमोर उभा. "काय नीवेस, दिसतो की नाही?" दिसत होता, खोटं कशाला बोलू, गडी रुबाबदार. पण मनगटाला चामडं!

कपडेपटाचे प्रमुख मिस्टर हॅलोरन. सत्तरीचा माणूस, पांढरी दाढी, तोंडात कायम चार टाचण्या, त्यामुळे बोलणं दातातल्या दातात. मी म्हटलं, सर, हे पट्टे चूक आहेत. तर म्हणतात, "अगं, उघडं मनगट पडद्यावर फार उघडं दिसतं." अहो, उघडं मनगट उघडंच दिसणार ना! नेसलेलं कसं दिसेल?

मग मी टिपणं लिहायला घेतली. हातानं, कारण आकृत्या काढायच्या होत्या. एक्केचाळीस पानं. गळ्याभोवती लोकरीचा रुमाल हवा, चिलखत मानेला घासतं म्हणून. रंग हवेत, सगळं जग शेणाच्या रंगाचं नव्हतं. आणि शेवटची बावीस पानं फक्त मनगटावर. लिहून लिहून माझंच मनगट ठणकायला लागलं, पण ध्येयापुढे मनगट म्हणजे काय!

हॅलोरननी सगळं वाचलं, हे मात्र मान्य करायला हवं. टाचण्या बाहेर काढल्या, म्हणजे प्रकरण गंभीर. म्हणाले, "हे बघ, मी शब्दाचा पक्का माणूस आहे. जगात एक जरी रोमन मनगटपट्टा निघाला, तरी पट्टे राहतील. एकही नसेल, तर सगळेच्या सगळे मी पेटाऱ्यात घालतो."

मी हवेत! दुसऱ्या दिवशी हॅलोरन हसत आले आणि माझ्यासमोर एक फोटो धरला. मनगटपट्टा. काचेच्या पेटीत. खाली चिठ्ठी: रोमन शिपायाचा मनगटपट्टा, इसवी सनाचं पहिलं शतक. म्हणाले, "तुमच्याच गावचं संग्रहालय. टपाल कचेरीच्या वर."

आता इथं मला एक कबुली द्यायची आहे. तो पट्टा मला माहीत होता, फक्त हॅलोरनना तो कधी सापडणार नाही असं मी धरून चालले होते. माहीत कसला, तो माझा देव होता! मी सात वर्षांची असताना त्या पेटीला नाक लावून उभी राहायचे, काचेवर वाफ धरायची, संग्रहालय सांभाळणाऱ्या सिन्योरा इओले, म्हणजे इओलेबाई, ओरडायच्या, "नाक बाजूला घे, पुसायला मला लागतं!" त्याच पट्ट्यापायी मी रोमन सैन्याच्या नादी लागले. पुढे इंग्लंडात शिकले की असे पट्टे नव्हतेच, तेव्हा मी काय केलं असेल? माझ्या प्रबंधात अर्धं पान लिहिलं: 'रोक्काफोस्काचा अपवाद'. अडीच हजार मनगटं दुर्बिणीनं तपासली, आणि गावचा एक पट्टा काचेतून बाहेर काढून बघितला नाही! कोण बघतं हो देव उचकटून?

पण आता बघणं भाग होतं. चामड्यातलं मला कळत नाही, म्हणून आजोबांना घेऊन गेले. आमिलकारे आजोबा, वय चौऱ्याऐंशी, जन्मभर खोगिरं शिवली. सिन्योरा इओलेंनी विणकाम बाजूला ठेवलं, किल्ली काढली, पेटी उघडली. आजोबांनी पट्टा हातात घेतला, उलटा केला, आणि असे हसले… असे, जुना मित्र बाजारात भेटल्यावर हसतो ना माणूस.

"अगं, हा माझा."

"तुमचा म्हणजे?"

"मी शिवलेला. टाका बघ, डावीकडे कलतोय. मी डावखुरा. आणि हा दोरा, हा मासे धरायचा नायलॉनचा. त्रेसष्ट साली आले होते ना ते अमेरिकन, तो मोठा सिनेमा? पाचशे शिवले तेव्हा आम्ही तिघांनी. कुणाचा तरी शेतात पडला असणार. पुढे नांगराला लागला आणि मास्तरांकडे आला."

मला खुर्ची लागली. सिन्योरा इओलेंनी दिली. मास्तर म्हणजे त्यांचे वडील, त्यांनीच संग्रहालय काढलं. मी म्हटलं, सिन्योरा, तुम्हाला धक्का बसला असेल. तर बाई पुन्हा विणायला लागलेल्या! "मला कसला धक्का? सगळ्या गावाला ठाऊक होतं. एक बाबांना तेवढं नव्हतं, आणि पुढे तुला. इतके खूश झाले होते, कोण सांगणार? तुला वाटतं तू सांगितलं असतंस?"

मी सांगितलं असतं. नाही, खरंच, मी सांगितलं असतं. आणि आता तर सांगायलाच हवं होतं, कारण हा पट्टा खोटा निघाला म्हणजे माझं मनगट जिंकलं होतं! फक्त माझं लहानपण हरलं होतं. सिन्योरा म्हणाल्या, "सांग जा. चिठ्ठी मी बदलते. पण आधी तिला शेवटचं एकदा बघून घे."

बघितली. आणि गेले. हॅलोरनना सगळं सांगितलं, त्रेसष्ट, नायलॉन, डावखुरा टाका, सगळं. त्यांनी एकेक करून टाचण्या बाहेर काढल्या. मग म्हणतात, "तो सिनेमा? अगं, तो मी नऊ वर्षांचा असताना पाहिला! नायक मूठ आवळतो, तो पट्टा ताणला जातो… त्याच दिवशी मी ठरवलं, मोठेपणी कपडे करायचे."

म्हणजे बघा! मी सात वर्षांची असताना, हे नऊ वर्षांचे असताना, दोघांचं आयुष्य नासवलं कुणी? माझ्या आजोबांनी!

पण माणूस शब्दाचा पक्का निघाला. सहाशे पट्टे त्या संध्याकाळी पेटाऱ्यात. मला झोप नाही, आनंदानं! उद्या सकाळी दोन हजार वर्षांनी पहिल्यांदा रोमन सैन्य उघड्या मनगटांनी डोंगर चढणार, आणि ते माझ्यामुळे!

सकाळ झाली. तंबूतून कुणी बाहेरच येईना. मी आत गेले तर तीनशे माणसं बाकांवर हाताची घडी घालून बसलेली. सेत्तीमियो पुढारी.

"नीवेस, आमचे पट्टे कुठं आहेत?"

म्हटलं, रोमन लोक पट्टे घालत नसत.

"रोमन लोकांचं मला काय सांगतेस? माझ्या बापाचा फोटो आहे घरी, कपाटावर, त्रेसष्ट सालचा, भाला घेतलेला. त्याच्या मनगटाला आहे. माझ्या का नाही? आई विचारील, तुला काही शिक्षा झाली होती का रे?"

मी समजावलं. स्तंभ सांगितला, चार उन्हाळे सांगितले. सगळ्यांनी मन लावून ऐकलं, दोघांनी शाबासकीही दिली. मग सेत्तीमियोनं पिशवीत हात घातला आणि काढला… पट्टा! जुना, काळाकुळकुळीत, डाव्या टाक्याचा. शेजारच्यानं काढला. त्याच्या शेजारच्यानंही. तुम्हाला सांगते, त्रेसष्ट साली या गावानं एकही पट्टा परत केला नव्हता! भाले दिले, ढाली दिल्या, पट्टे घेऊन पळाले. साठ वर्षं घराघरात, खणात, ठेवणीतल्या चादरींखाली जपलेले. ज्यांच्याकडे बापाचे नव्हते त्यांना काकांचे मिळाले होते. एकानं तर उजव्या हाताला बापाचा आणि डाव्याला सासऱ्याचा बांधला होता, घरात कटकट नको म्हणून.

हॅलोरन दारात उभे होते. रडत होते हो! टाचण्या तोंडात तशाच, आणि डोळ्यांतून धारा. "हे खरे आहेत," म्हणाले. "हे सगळे खरे आहेत." मी ओरडले, सर, तुम्ही शब्द दिला होता! तर म्हणतात, "मी माझे काढले, डियर. हे त्यांचे आहेत. बापाची वस्तू मी कशी उतरवू?"

गेलं सैन्य डोंगर चढून. तीनशे माणसं, मनगटाला चामडं. आणि मी खाली उभी, एक्केचाळीस पानं छातीशी धरून. सर्वांत पुढे सेत्तीमियो, मूठ आवळून, आणि चेहरा असा की… जाऊ दे. बापासारखा दिसत होता, असं सगळे म्हणाले.

संग्रहालयातली चिठ्ठी सिन्योरा इओलेंनी बदलली. आता तिथं लिहिलंय: मनगटपट्टा, आमिलकारे यांनी शिवलेला, १९६३. पूर्वीपेक्षा जास्त लोक येतात. परवा एक सात-आठ वर्षांची मुलगी काचेला नाक लावून उभी होती. मी तिला सांगायला पुढे झाले, की बाळ, रोमन लोक हे घालत नसत… सिन्योरांनी सुया खाली ठेवून माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी मागे आले.

आणि माझं मनगट? टिपणं लिहून जे ठणकायला लागलं होतं, ते काही थांबेना. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, म्हणाले, शीर सुजली आहे, आवळून बांधायला हवं, काहीतरी घट्ट, रुंद, हलणार नाही असं. घरी येते तर आजोबांनी सुई ओवलेली. मी म्हटलं, आजोबा, नाही. काहीही करा, पण ते नाही. ते म्हणाले, "हात पुढे कर, पोरी."

हे बघा. डावा टाका, नायलॉनचा दोरा. पंधरा दिवस झाले.

आणि खोटं कशाला बोलू… ठणका गेला. काल भाजीची पिशवी उचलली, काही नाही. आता रात्रंदिवस मनात एकच येतं, की दिवसभर तलवार चालवणाऱ्या माणसाला… म्हणजे… त्या स्तंभावरची मनगटं पाचव्यांदा बघायला हवीत हो!