टाकी रिकामी नव्हती

फोटोची चौकट आली, तीन दिनार. हार आला, दीड दिनार. फुलं कालची आहेत, इथे आखातात तशीच मिळतात. समई आणि उदबत्ती घरची. आणि ठेकेदाराच्या ऑफिसातून एक कागद आला. तो फुकट आला.

मंडळी, तुम्ही सुट्टीचा दिवस मोडून आलात. मीना अल-अहमदीकडच्या कामगारांच्या कॅम्पातून बस करून फिंतासच्या या एवढ्याशा हॉलमध्ये दाटीवाटीनं बसलात. मी मॅट्रिक झालेली बाई. आरतीशिवाय चारचौघांत कधी आवाज काढलेला नाही. म्हणून लिहून आणलंय. पण मी रडायला उभी नाही. रागानं उभी आहे.

वसंता माझ्या नात्यातला नव्हता. देवगडकडचा फिटर, सहा वर्षं कॅम्पात. दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचा आणि मला वहिनी म्हणायचा. आपल्या मराठी मंडळाच्या कपाटात त्याला एक पुठ्ठा गेलेलं पुस्तक सापडलं, जुन्या ग्रीक विचारवंतांचं. त्यातल्या एकानं त्याला झपाटलं. अडीच हजार वर्षांपूर्वीचा, समुद्राकाठच्या गावचा वैद्य. नाव माझ्या तोंडात बसत नाही. वसंता त्याला ‘आमचा वैद्य’ म्हणायचा.

“वहिनी, आमचा वैद्य म्हणतो, नव्यानं काही जन्मत नाही, पुरतं काही मरत नाही. पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा. चौघांचं मिसळणं आणि सुटणं, एवढंच.”

मी म्हटलं, “आमच्या पोथीत पाच आहेत. आकाश कुठे गेलं?”

“काटकसरी होता हो, तुमच्यासारखा. चारात भागवलं.”

असा होता वसंता. पुढे म्हणायचा, मिसळतं ते प्रेमानं, सुटतं ते वैरानं; आळीपाळीनं दोघांचं राज्य येतं. मी विचारलं, “सध्या कोणाचं चालू आहे?” म्हणाला, “कॅम्पवर या. एका खोलीत आठ माणसं. डाळ शिजते तेव्हा प्रेमाचं, पंखा कोणाकडे फिरवायचा यावरून वैराचं.”

एकदा त्यानं माझ्या स्वयंपाकघरात पेला उपडा करून बादलीत सरळ खाली दाबला. पाणी आत शिरेना. “बघा. पेला रिकामा नाही. आत वारा आहे. दिसत नाही म्हणून काही नाही, असं नसतं.” मी म्हटलं, “हेच देवाबद्दल म्हण, मग तुझ्या वैद्याला मानते.” हसला आणि दुसरी पोळी मागितली.

आता ऐका, कागदावर काय लिहिलंय. ‘रिकाम्या टाकीची सफाई करताना नैसर्गिक कारणाने मृत्यू.’

रिकाम्या? कोण म्हणतं रिकाम्या? ज्याला पेलासुद्धा रिकामा दिसत नव्हता, तो रिकाम्या टाकीत मेला? तेलाच्या त्या टाकीत विषारी वायू होता. आणि नैसर्गिक? कुठला निसर्ग? निसर्गानं माणसाला वारा दिला होता. तो मिळाला नाही, म्हणून वसंता गेला. स्वतःची चूक पंचमहाभूतांच्या माथी मारता? देवाचं नाव पुढे करून हात झटकता?

माणूस टाकीत उतरण्याआधी आतली हवा तपासायची. उतरला की दुसऱ्यानं टाकीच्या तोंडाशी दोरी धरून बसायचं. तहान लागली तरी उठायचं नाही. हा नियम मला वसंतानंच सांगितला. त्या दिवशी दोरी श्रीवर्धनच्या इस्माईलभाईंच्या हातात होती.

इस्माईलभाई, मान खाली घालू नका. तुम्ही उठला नाहीत, तुम्हाला उठवलं. फोरमन म्हणाला, “अरे, टंकी खाली है, हवा क्या चेक करना! दस मिनट का काम है, तू उधर पाइप उठा.” तुम्हीच माझ्या घरी बसून सांगितलंत, “वैनी, परत आलो तं दोरी ढिली पडलेली.”

आणि अहो, तुम्ही. होय, माझ्या नवऱ्यालाच म्हणतेय, सगळ्यांसमोर. तुम्ही तिथले टाइमकीपर. हजेरीवहीत त्या वेळेला इस्माईलभाईंचं नाव पाइपांच्या कामावर तुमच्याच अक्षरात आहे. तुम्ही मला म्हणालात, पासपोर्ट ठेकेदाराच्या कपाटात आहेत, अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच्या हातात आहे. परवाना गेला तर पोरांची शाळा गेली. खरं आहे. म्हणून मीही चार दिवस देवापुढे दिवा लावून गप्प बसले. आता त्याच देवाकडे बघवत नाही.

त्या वैद्याला गाव म्हणालं, राजा हो. तो नको म्हणाला. मूठभर लोक गाव गिळायला निघाले तेव्हा मात्र आडवा आला. मी वसंताला विचारलं होतं, पाणी-वाऱ्याचा विचार करणाऱ्यानं गावच्या भांडणात का पडावं? म्हणाला, “नियम एकच आहे ना वहिनी. वैर म्हणजे नुसती मारामारी नव्हे. वैर म्हणजे एकेक सुटत जाणं. देह तसाच जातो, गावही तसंच जातं.” मंडळी, आपण तेच करतोय. जो तो आपापल्या पासपोर्टापुरता सुटा.

हाच कागद सुमतीकडे, वसंताच्या बायकोकडे, सहीसाठी गेलाय. तिनं सही केली की चौकशी संपली. पुढच्या आठवड्यात शेजारची टाकी उघडणार आहे. तीही म्हणे रिकामी. तिच्यात उतरणारा माणूस या हॉलमध्ये बसलाय. त्याला माहीत आहे, मी कोणाबद्दल बोलतेय.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. त्यानंतर कोणी लगेच चपला शोधू नका. त्या टेबलावर सुमतीला लिहिलेलं माझं पत्र आहे, घडलं तसं. खाली माझी सही आहे. तिचा उपयोग नाही. मी तिथे नव्हते. तिच्याखाली दोन सह्यांची जागा सोडली आहे. कोणाच्या, ते दोरी धरणाऱ्याला आणि हजेरी लिहिणाऱ्याला कळलंय. जागा भरो न भरो, उद्या सकाळी मी पत्र टाकणार. शेवटची ओळ वाचून दाखवते आणि थांबते:

‘सुमती, कोणी कितीही घाई केली तरी त्या कागदावर सही करू नकोस, आणि हे पत्र पोचलं की तू काय ठरवलंस ते उलट टपाली कळव.’

उभे राहा.