वरची पट्टी

— अगं, त्या कडेला हात नको लावूस, कापेल! आत्ताच करवतीनं तोडलीय, कानस फिरवायचीय अजून. तू त्या स्टुलावर टेक. डुगडुगतं, पण पडत नाही — माझ्यासारखंच. दोनच पट्ट्या हव्यात ना, कपाट भिंतीला धरून ठेवायला? मग बस अर्धा तास, करूनच देते. चिमुरडी कपाटाचे खण ओढून वर चढते म्हणालीस — चढणारच, चालायला लागली ना! तूही तशीच होतीस. आईचं शिलाई मशीन अंगावर ओढून घेणार होतीस एकदा. दुकानात तयार पट्ट्या मिळतात, मला ठाऊक आहे. पत्र्याच्या असतात, बोटानं वाकतात. तुझ्या आईनंच पाठवलं ना इकडे? ... काय म्हणाली? ‘काकूंकडूनच करून आण’? स्वतःहून म्हणाली? ... बरं. बरं.

हात कसाय तिचा? ... हं. थंडीत दुखणारच. मनगट ते, एकदा मोडलं की मोडलंच. मला दिसते ना ती खिडकीतून, डाव्या हातानं बादली नेताना दिसते. मी हाक नाही मारत. कामात असते ती — म्हणजे, मीच असते कामात.

हे बघ, ही साध्या लोखंडाची पट्टी. रुंदी पंचवीस मिलीमीटर, जाडी तीन. मऊ असते, तापवावी लागत नाही, पण मर्जी सांभाळावी लागते हिची. खडूनं खूण करायची, ह्या व्हाइसच्या जबड्यात घट्ट आवळायची, नि कोपऱ्याशी हा गोल गज ठेवायचा — वाक गोलसर यायला हवा, अगदी धारदार कोपरा काढलास की तिथंच दुखणं सुरू होतं. मग ठोकायचं वाकाजवळ. टोकाला ठोकलं की पट्टीची होते कमान, नि ती सरळ करण्यात आपली कंबर जाते. हे सगळं तुझ्या काकांचं शिक्षण हं, माझं काही नाही. कारखान्यात तीस वर्षं फिटर होते, निवृत्त झाले नि महिन्याभरात घर डोक्यावर घेतलं — डबे आकारानं लाव, बिजागरीला तेल घाल, तुझी पोळी वाकडी आहे! शेवटी मीच म्हटलं, मागच्या बाल्कनीत व्हाइस बसवा नि मला सोडा. तर बसवला, नि मलाच धरलं मदतीला! आधी नुसती पट्टी धरायची, मग कानस, मग वाकवणं. लोक यायचे, पाईपच्या पट्ट्या, फळीच्या, पाण्याच्या टाकीच्या. आणि हे असे की प्रत्येक पट्टी उजेडात धरून बघणार, नवी सून बघावी तशी. पसंत नाही पडली की बाजूला. बोलणार काही नाही. नुसती बाजूला.

थांब, दोन ठोक घालू दे ... हं. दम लागतो आता. पूर्वी बोलता बोलता व्हायचं.

तर त्या वर्षी मागच्या बोळातले पाईप बदलायचे निघाले. गच्चीवरून पाणी उतरतं ना, ते बिडाचे जुने पाईप. सगळ्या इमारतीच्या पट्ट्या आमच्याकडे आल्या. त्यांचा खांदा धरलेला, रात्री कूस बदलता यायची नाही, तरी ठोकत बसायचे. मी म्हटलं, तुम्ही पडा, राहिलेल्या मी करते. पडले. माझ्यावर सोडून पडले, हे कधी व्हायचं नाही गं त्यांचं. आणि मीही थकलेली. सकाळपासून स्वयंपाक, धुणं, त्यांचा खांदा शेकणं. शेवटच्या पट्टीचा कान वाकेना. पाईपला मिठी मारायचा भाग झाला होता, बाजूचे दोन कान राहिले होते, ज्यातून स्क्रू जातो ते. एक वाकला, दुसरा हट्टाला पेटला. मनगटात जोरच नव्हता उरला. मग मी काय केलं? काय केलं असेन? करवत घेतली नि खुणेवर ... थोडीशीच. अर्धी जाडीसुद्धा नाही — बरं, अर्धी असेल. खाच पडल्यावर वाकली, शहाण्यासारखी वाकली. वर काळा रंग दिला. कोरडी झाल्यावर इतरांत मिसळून टाकली. त्यांनी सगळ्या बघितल्या, पण रंगाखाली काय दिसणार?

... हो. तीच. तुमच्या खिडकीवरची, वरची.

दीड वर्ष टिकली. मी विसरलेही होते — नाही, खोटं कशाला, बोळातून जाताना वर बघायची मी. रोज. मग बघणं सोडलं. आणि मग तो दिवस, तुझी आई दोरीवरचे कपडे काढत होती नि वरची सुटली, खालच्या एकटीला भार पेलेना, नि पाईप तिच्या हातावर आला. माझ्या हातात पिठाचा डबा होता. आवाज ऐकला नि मला बघायच्या आधीच कळलं.

तुझे काका धावत खाली गेले. तिला दवाखान्यात पोचवून परत आले, नि बोळातून तुटलेला तुकडा उचलून आणला. इथं, ह्याच खिडकीशी उभे राहिले. उजेडात धरला. तुटलेली कड अर्धी चकचकीत होती आणि अर्धी काळी. आत रंग होता, अगं. रंग आत कसा जाईल? रंगाच्या आधीच तिथं फट असेल तरच ना! तीस वर्षांच्या फिटरला हे सांगावं लागतं का? माझ्याकडे बघितलं त्यांनी. मी पीठ मळत होते. मळतच राहिले.

तुकडा त्यांनी खिशात घातला आणि तुमच्याकडे आले. तू तेव्हा बाहेरगावी शिकायला होतीस ना. तुझ्या आईसमोर उभे राहून म्हणाले, ‘ताई, पट्टी माझ्या हातची. चूक माझी.’ आणि तुझी आई — हात गळ्यात बांधलेला, ब्लाउजं अर्धी बेतलेली तशीच पडलेली — म्हणाली, ‘भाऊजी, लोखंडच ते, कधीतरी तुटायचंच.’ हे मला त्यांनी नाही सांगितलं. तिनंच सांगितलं, बाजारात भेटली तेव्हा. वर म्हणते कशी, ‘त्यांना सांगा, मनाला लावून घेऊ नका.’ मी काय म्हटलं असेन? म्हटलं, ‘सांगते.’

त्यानंतर हातोडी धरली नाही त्यांनी. लोक म्हणायचे, बिचाऱ्यांनी मनाला लावून घेतलं. तीन वर्षं एका घरात, एका ताटाला बसलो, त्या तुकड्याबद्दल एक शब्द काढला नाही त्यांनी. रागावले असते तर ... मी वाट बघायची, आज बोलतील, आज भांडतील. जाताना तरी बोलतील म्हटलं. जाताना पाणी मागितलं फक्त.

— हे काय बोलत बसले मी. पट्टी झाली बघ, एक तरी झाली. घे, उजेडात धर. अगं, धर ना. वाक गोल आहे, कुठं करवत लागलेली नाही. रंग मी देतच नाही आता कशालाच, तूच दे घरी, हवा तो. ... नको? पोरीच्या कपाटाला माझ्या हातची पट्टी नको. हं. तेही खरंच.

नाही, रडत नाहीये मी, कानशीचा चुरा गेलाय डोळ्यात. तू उठलीस का? तुझ्या आईला मी सांगणार होते. एकदा निघालेही होते, तुमच्या पायऱ्यांपर्यंत आले नि आतून मशीनचा आवाज आला — अडखळत, डाव्या हाताचा — नि माघारी फिरले. आता तूच सांग. जमलं तर सांग, नाही जमलं तर राहू दे, माझ्यात नाही गं उरलं काही.

जा. बोलू नकोस काही. जा म्हणते ना.