अठरा टनांचा पाया

...नाही, मला सांगा, माणसानं विचारायचं तरी कुणाकुणाला? घराखालच्या वर्कशॉपमध्ये अठरा टनांची पॉवर प्रेस बसवायची, ट्रक तीस दिवसांनी दारात, आणि उशीर झाला तर ऑर्डर शेजारच्या शेडवाल्याला! इंजिनीअरला विचारलं, तो म्हणाला, "फरशी उखडा, दोन फूट खणा, सळ्यांची जाळी टाकून काँक्रीट ओता, पण पाया भिंतींपासून सुटा ठेवा, नाहीतर घर हलेल! आणि अठ्ठावीस दिवस हात लावायचा नाही!" म्हणजे खणायला उरले किती? दोन! मग गवंड्याला विचारलं, वायरमनला विचारलं, बायकोनं तर न विचारताच सांगितलं! राहिले आमचे बाबा... कोपऱ्यात खुर्चीवर, कानात कापूस घालून, "मला कोण विचारतंय!"

तुम्हाला सांगतो, फरशी तासाभरात निघाली. खाली माती असेल म्हटलं... कसली माती! ब्रेकर लावला तर ब्रेकरच उडून मागे! वर स्वयंपाकघरात भांडी नाचायला लागली, बायको जिन्यातून ओरडली, "अहो, मशीन येण्याआधीच घर पाडताय का?" गवंडी म्हणतो, "साहेब, छिन्नीचं तोंड गेलं, हात गेले, आता मी जातो!" दोनाचे चार दिवस झाले, चाराचे सहा, आणि कोपऱ्यातून आपलं चालूच, "मला कोण विचारतंय!" मी म्हटलं, "बाबा, धूळ आहे, वर जाऊन बसा ना!"

आठव्या दिवशी गवंडी थांबला. घाम पुसला. म्हणाला, "साहेब... आपण फोडून काढला तो तर पायाच होता हो! दोन फूट खोल, अंगठ्याएवढ्या सळ्या, भिंतींपासून सुटा! कुणी केलं असेल हे काम? हात जोडावेत त्याला!"

"मी केलं," बाबा म्हणाले. "पंचवीस टनांच्या मशीनसाठी. मशीन विकली तेव्हा हा रांगत होता. वरून फरशी टाकली."

मी रडायचाच बाकी होतो! म्हटलं, "अहो बाबा, मग सांगायचं ना!"

"आठ दिवस दुसरं काय सांगतोय? मला कोण विचारतंय, मला कोण विचारतंय..."

आता काय, नवा पाया ओतलाय, प्रेस अंगणात ताडपत्रीखाली, निम्मी ऑर्डर शेजारी गेली. पण मी शहाणा झालोय हं! काल भिंतीत साधा खिळा ठोकायचा होता, तरी हातोडी घेऊन आधी बाबांसमोर उभा राहिलो. म्हटलं, "बाबा, इथे ठोकू का?" तर वर मान करून म्हणतात काय...

"एवढा घोडा झालास, आणि खिळ्यासाठी बापाला विचारतोस?"