युवराजांच्या ध्वजाची पांढरी चौकट

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा डॉ. सुमेधाताई, व्यासपीठावरचे माझे जुने स्नेही श्रीराम आगाशे, वेस्ट विंडसरच्या आणि लांबून ड्राइव्ह करून आलेल्या तमाम मराठी बंधुभगिनींनो,

आत्ताच मानपत्र ऐकलं. ‘दिगंबरकाकांनी आपला ध्वजांचा व्यवसाय स्वखुशीने चिरंजीव अतुल यांच्या हाती सोपवला.’ वा! काय गोड मराठी आहे! फक्त मी निवृत्त झालो, ही बातमी मला मंडळाच्या निमंत्रणपत्रिकेतून कळली. हसताय? हसा. माझी बायको शरयूही आधी हसलीच होती.

आमचं दुकान तुम्हाला ठाऊक आहे. इंजिनियरची नोकरी गेली तेव्हा गॅरेजमध्ये शिलाई मशीन टाकून सुरू केलं. शाळांचे झेंडे शिवता शिवता परदेशी पाहुण्यांचे ध्वज शिवू लागलो. यंदा माझी बायपास झाली आणि नेमकी तेव्हाच ऑर्डर आली. जपानचे युवराज न्यूयॉर्कला येणार, हॉटेलवर लावायला त्यांचा ध्वज हवा.

आता जरा कंटाळा सोसा. जपानच्या सम्राटांचा ध्वज म्हणजे लाल कापड आणि मधोमध सोळा पाकळ्यांची सोनेरी शेवंती. युवराजांचंही तेच लाल, तीच शेवंती. पण कडेच्या आत चहूबाजूंनी एक पांढरी चौकट. ती कशासाठी? वडील आहेत म्हणून! गादी अजून त्यांची आहे, एवढंच ती सांगते. आमच्या चिरंजीवांनी ती काढून टाकली. क्लीन दिसतं म्हणे! ध्वज तपासायला आलेल्या जपानी गृहस्थांनी त्याची घडी घातली आणि परत पाठवला. बाप तिकडे हयात, आणि आम्ही मुलाच्या डोक्यावर बापाचं निशाण फडकवायला निघालो होतो.

हॉस्पिटलात मी विचारलं, “अतुल, अरे, असं कसं केलंस?”

“डॅड, इट्स जस्ट अ बॉर्डर. यू वरी टू मच.”

बरं, सोडून दिलं. घरी आलो, चालायला लागलो, तसं शरयूला म्हटलं, चल, दुकानात चक्कर टाकू. बघतो तर पाटीवर नाव अतुलचं. माझं टेबल मागे, रिकाम्या खोक्यांपाशी. मी जिला पहिली शिलाई शिकवली ती कांचन मान वर करून बघेना. आणि अतुल म्हणतो, “तुम्ही आता रेस्ट घ्या ना, डॅड.” अरे, मला झोपवायची एवढी घाई कसली रे? श्रीराम, तू कशाला हसतोस? तुझाही मुलगा मोठा होतोय.

मला राग आलाय. फार राग आलाय, आणि त्याहून जास्त दुखतंय. दुकान त्याचंच होणार होतं. मागितलं असतं तर हसत दिलं असतं. मग मागायची लाज वाटली, की थांबायचा कंटाळा आला?

सुमेधाताई, शाल सुरेख आहे, पण ती निवृत्तीची असेल तर आज तिची घडी मोडू नका. मंडळाने माझ्यासाठी एवढा घाट घातला, सकाळपासून स्वयंपाकघरात बायामाणसं राबली, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. आजाऱ्याचं बोलणं, काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला.

अतुल, जरा उठून इकडे ये. उद्या सकाळी दुकान मी उघडणार आहे. तू कुलूप बदललंयस, त्याची किल्ली इथेच, सगळ्यांदेखत, माझ्या हातात दे.