फिकट की काळा

‘म्हसाच्या जत्रेला तुझ्याकडे येऊ का?’ पूर्वी भांडून दुरावलेल्या मित्राच्या, शांतारामच्या, या पत्राला दामोदर गुरुजींनी चार महिने उत्तर दिलं नव्हतं. मसुदे फाडून फाडून, नुसता पत्ता लिहिलेलं कार्ड घेऊन ते शहापूरच्या पोस्टात आणखी कोऱ्या कार्डांसाठी रांगेत उभे होते. पुढे पंकज नावाचा तरुण आणि त्याची काकी मोबाइलात डोकं घालून होते.

“काकी, घरी बियर बनवायला माल्टचा पाक फिकट मागवू का काळा?”

“मोड आणलेल्या नाचणीचाच ना? घरात डबाभर पीठ हाय.”

“नाय गो, जवाचा! हळदीला बिघडली तर पावणे हसतील.”

“मंग फिकट घे. मागून काळा करता येतो. काळ्याचा फिकट नाय व्हत.”

“तुला काय ठावं?”

“गुळाचा पाक कोण करतं घरात?”

“पण काळ्याला चव...”

“आजोबा, तुमी व्हा पुढं. याचं काय ठरत नाय.”

गुरुजींनी रांग सोडली, कार्डावर ‘ये’ एवढंच लिहिलं आणि पेटीत टाकलं.