खाली म्हणजे खाली!

...नाही, तुम्हीच मला सांगा, खाली म्हणजे काय? खाली म्हणजे खाली! वर नाही ते खाली! चौथी नापास माणसाला कळतं, आणि त्या सर्व्हेवाल्याला कळू नये? तुम्हाला सांगतो, त्या एका शब्दापायी आमची आमलीखेडी बुडाली!

आता आमचं गाव केवढं? लग्नात दोन पंगतींत उठतं, तेही पाहुणे धरून! पण उज्जैनची बस पार देवळापर्यंत यायची हो! सकाळी एक, संध्याकाळी एक. ड्रायव्हर असा मायाळू, की रोजची म्हातारी दिसली नाही तर हॉर्न वाजवून तिला घरातून काढायचा. गाव उताराच्या पायथ्याला, नाल्याकाठी. वर फाट्यावरून काय दिसतं? एक निंब आणि त्याखाली मी. मी तिथेच बसतो, घरात सुलू बसू देत नाही!

तर तिथे आला तो, बसमालकाचा माणूस. गळ्यात पट्टा, पट्ट्यात फोटो, फोटोतसुद्धा घामाघूम! गाडीतून उतरायचं नाव नाही. "दादाजी, आमलीखेड़ी? बस का सर्वे है."

मी म्हटलं, "खाली है."

"खाली? पूरा?"

"तो क्या, आधा ऊपर रहेगा?"

"मतलब... स्कूल-विस्कूल?"

"स्कूल खाली, मंदिर खाली, मेरा घर तो एकदम खाली!"

"और... दादीजी?"

"वो भी खाली!"

अहो, डोळे भरले त्याचे! स्वतःची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, पाया पडला आणि गेला. मला वाटलं, वा, काय संस्कार आहेत... आणि सोमवारपासून बस बंद!

गेलो उज्जैनला, नानाखेड्याच्या बस स्टँडवर, त्यांच्या हापिसात. तोच पट्टा! "दादाजी, आपने ही तो बोला था, गाँव खाली है!"

"अरे भिया, हमारा खाली! तुम्हारा खाली नहीं!"

"तो कौन सा खाली?"

"नीचेवाला खाली!"

म्हणतो, "चेक करवाते हैं." करवा!

घरी सुलू, म्हणजे आमची मंडळी हो, ती वेगळीच तापलेली. "अहो, 'नीचे' म्हणायला काय तोंड दुखत होतं?" आता जन्मभर घरात मराठी, ओसरी उतरली की हिंदी... जीभ आहे ती, काय रेल्वेचं फाटक आहे, हा शब्द अलीकडे, तो पलीकडे? खाली म्हणजे खाली!

पण नात आमची, गौरी, तिचं कॉलेज उज्जैनात, माधव नगरला. पोरगी चिखल तुडवत फाटा गाठणार, तिथे सवारीची मॅजिक गाडी आली तर आली, आली तर भरलेली, टपावर बकऱ्या! एक पेपर असाच गेला. रडली नाही, नुसती चपला धूत बसली. ते बघून केदार, आमचे चिरंजीव, म्हणाला, "बाबा, आता बस्स झालं."

म्हटलं, "बस झाली असती तर बोलणंच नव्हतं!"

त्यानं नानाखेड्याला फ्लॅट घेतला. मी म्हटलं, मी नाही येणार. सुलू म्हणाली, "नका येऊ, पण स्वयंपाकाचे डबे मी घेऊन चाललेय." आलो! आमचं बघून शेजारचा बनेसिंग हलला, "काकासाब, आप ही चले गए तो हम किसके लिए रुकें?" त्याचं बघून शाळेचे मास्तर, मास्तरांचं बघून शाळा... सगळं गाव उठलं हो, दुसरी पंगत बसायच्या आधी!

आणि मग? मग त्यांचं चेकिंग झालं! माझी तक्रार मंजूर! बस सुरू! नवी कोरी, पुढे ठळक पाटी, 'आमलीखेड़ी'! आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीसमोरूनच सुटते. आत ड्रायव्हर, कंडक्टर आणि वारा. ड्रायव्हर अजून हॉर्न वाजवतो, सवयीनं...

हॉर्न झाला की सुलू आतून विचारते, "अहो, आपली बस कुठाय?"

मी सांगतो, "खाली!"

घे बाई, कुठल्या भाषेत घ्यायचं ते.