पोटखराब

—भिंतीकडं नको बघू माय, इकडं बस, बाजंवर. मी अशीच टेकून बसते, पाठ दुखती. तुझा नवरा अन् आमचा इंद्रजीत हद्द बघून येतेत, तवर बोलू. सातवा महिना का? व्हय, चालीवरूनच कळतं. घर घ्यायला चांगलंय. लासूर स्टेशन पायी गाठता येतं. अन् पाणी — पाणी इथं येत नाय.

कशाचा आवाज? बेडकं. पल्याड, पाणकणसाच्या गवतात. इथंबी तसंच चिबड, पाणथळ व्हतं — आता तुला काय सांगू — सातबाऱ्यावर लिव्हलेलं, पोटखराब, म्हंजी पिकाला नालायक. इंद्रजीत म्हणला, आई, कागदच म्हणतोय खराब, मग मुरूम टाकू, प्लॉट पाडू. मीच अंगठा दिला. पण पोट व्हतं माय ते, गावाचं पोट! ओढ्याचा पूर यायचा, इथं पसरायचा, जिरायचा — चैतापातूर विहिरी भरलेल्या. पोटच बुजवल्यावर पुरानं जावं कुठं? विहिरी आटल्या, अन् पूर दारात — नाय नाय, इथं नाय, तिकडं.

पल्याडचं अर्धं माझ्या जावंचं, द्वारकाबाईचं. तिनंबी भरलं व्हतं, पण विहीर आटली तशी शानी झाली — कॉलेजातल्या चारुता मॅडमचं ऐकून मुरूम उपसला, पाणकणीस लावलं. लोक हसले, बाई चिखल पेरती म्हणून. मीबी हसले. आता तिच्या विहिरीला पाणी, बगळे बांधावर. गेल्या भादव्यातला पूर तिच्याकडं गुमान निजला. आमच्याकडं उभा राहिला.

किती उभा? — हे बघ, सरकते मी. परवाच रंग दिला पोरानं, तरी आली का नाय ओल वर? छातीइतकी. मला म्हणला, आई, इथंच टेकून बस. हे कडूबाईचं घर, तिच्यामागं इंद्रजीतनं घेतलं. बारक्यापणापासूनची माझी सोबतीण. तापानं पडली व्हती, भर दुपारी. पाण्यानं बाहेरून दार दाबून धरलं, आतून उघडंना. प्लॉट घेऊ का म्हणून तिनं मलाच इचारलं व्हतं. मी काय म्हणले, ठावंय? पाणी इथं येत नाय.

देवगाव रंगारीकडं बघ, आभाळ कसं झालंय. बेडकंबी गप झाली — आले बघ दोघं. इंद्रजीतनं इचारलं तर सांग, आई म्हणली पाणी येत नाय. अन् नवऱ्याला म्हण, पोटात कळ आली, घरी चल. ऊठ माय. चप्पल राहू दे. जा!